तळ्यातलं हिरवं : कुठलं राखायचं, कुठलं काढायचं?

गेवराई तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. पत्र चांगलं चार पानी आहे, पण मुद्दा थोडक्यात असा. घरामागे जुनं तळं. नळाला आठ-आठ, कधी दहा-दहा दिवसांनी पाणी येतं. उन्हाळ्यात टँकर आला तर आला. मग धुणं-भांडी तळ्याच्या पाण्यावर, आणि अडीनडीला धाकट्याची अंघोळसुद्धा. प्यायला तळ्याशेजारच्या आडाचं पाणी. होळी झाल्यावर तळ्यावर हिरवा थर धरला. सासूबाई म्हणतात, हिरवं आहे म्हणजे पाणी जिवंत आहे, शेवाळाने पाणी गार आणि नितळ राहतं, आमचा जन्म ह्याच पाण्यावर गेला. आणि "आमचे हे म्हणतात, विष आहे ते, हातसुद्धा लावू नका, मोरचूद टाकून सगळं मारून टाकतो. दोघांच्या मधे मी कळशी घेऊन उभी! तुम्हीच सांगा, खरं कोणाचं?"

बाई, खरं दोघांचंही आहे, पण अर्धं-अर्धं. आणि मोरचुदाची पुडी मात्र आधी काढून घ्या बरं त्यांच्या हातातून. त्याचं कारण पुढे सांगते.

ह्या वादाचं मूळ एका शब्दात आहे. भाजीच्या गाडीवर आपण मेथी, शेपू, चुका, तांदुळजा, चाकवत सगळं वेगळं ओळखतो. तांदुळजा म्हणून कोणी माठ दिला तर परत करतो. पण तळ्यात जे जे हिरवं ते सगळं आपल्या लेखी 'शेवाळ'! प्रत्यक्षात तिथे पाच-सहा तऱ्हेची मंडळी राहतात आणि त्यांचे स्वभाव अगदी निराळे. काही पाणी राखणारी, काही नुसती पाहुणी, आणि काही अशी की ती आली म्हणजे पाण्यात कुठून तरी घाण येते आहे हे ओळखावं.

आपल्या बीड जिल्ह्यात हे ओळखता येणं फार कामाचं. वर्षाचा पाऊस सरासरीने साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही दर वर्षी येईलच असं नाही. आष्टी-पाटोद्याकडे तर आणखी ओढ. खाली काळा पाषाण, त्यात पाणी धरून ठेवायला जागा थोडी. म्हणून तर इथे जागोजागी बारवा, कुंडं, तळी. बीडचं कंकालेश्वराचं देऊळच मुळी पाण्याच्या कुंडात उभं आहे. 1972 च्या दुष्काळात जे पाझर तलाव झाले, त्यांच्यावर तुमच्यापैकी कित्येकींच्या सासूबाईंनी, आईने डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या असतील. त्यांनाच विचारा. आणि 2016 साली धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते आपण सर्वांनी पाहिलं.

पाणी आटतं तेव्हा ते नुसतं कमी होत नाही. आमटी आटवली की मीठ वर येतं की नाही? तसंच. पातेल्यात मीठ तेवढंच असतं, पाणी उडून जातं. दिवाळीला तळं काठोकाठ असताना त्यात जी साबणाची, शेणाची, खताची घाण होती, तीच एप्रिलमध्ये चौथाई पाण्यात उरते. वर ऊन कडक, पाणी कोमट, वारा पडलेला. हिरवा थर नेमका होळीनंतर का धरतो ते आता ध्यानात आलं ना?

आता एकेकाची ओळख करून घेऊ.

तळाशी मूळ धरून पाण्याच्या आतच वाढतात त्या वनस्पती. फितीसारखी लांब पानं असलेली एक, बारीक पानांची वलयं असलेली हायड्रिला, आणि कारा म्हणून एक, जी हाताला खरखरीत लागते आणि चुरगळली तर लसणीसारखा उग्र वास येतो. तुमच्या सासूबाई ज्याला चांगलं म्हणतात ते हे. त्यांचं चुकलेलं नाही. ही झाडं गाळ मुळांशी धरून ठेवतात, दिवसा उन्हात पाण्यात प्राणवायू सोडतात, पाण्यातलं खत स्वतः खातात. त्यांच्या पानांत लपून बसणारे बारीक जीव पाण्यातली सूक्ष्म हिरवी धूळ फस्त करतात. म्हणून त्यांच्यावरचं पाणी नितळ दिसतं, तळ दिसतो. ज्या तळ्यात काठावरून वाकून पाहिलं की आतली झाडं हलताना दिसतात, त्या तळ्याची तब्येत बरी आहे असं समजायला हरकत नाही. मात्र तब्येत बरी म्हणजे पाणी प्यायला योग्य, असं नव्हे. जुलाबाचे जंतू नितळ पाण्यातही मजेत राहतात.

ह्या झाडांचं एक दुखणं आहे. त्यांना उजेड लागतो. पाण्यात घाण वाढली, पाणी एकदा गढूळ-हिरवं झालं, की तळाशी उजेड पोचत नाही आणि ती मरतात. ती मेली की त्यांनी धरलेला गाळ सुटतो, त्यांनी खायचं खत मोकळं राहतं, आणि वरचं हिरवं आणखी माजतं. म्हणजे तळं बिघडायला वेळ लागतो, पण बिघडलं की भराभर बिघडतं. आणि नुसतं वरवर साफ करून पुन्हा जाग्यावर येत नाही. शेततळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर घालतात, त्यात मूळ धरायला मातीच नसते. तिथलं पाणी लवकर हिरवं का होतं, ह्याचं हे एक कारण.

कमळ आणि कुमुद. ह्यांच्याबद्दल आपल्याला भलताच आदर! चिखलात राहून निर्मळ वगैरे. फूल निर्मळ असतं खरं, पण त्यावरून पाण्याला प्रशस्तिपत्रक देऊ नका. कमळाला उथळ, संथ पाणी आणि भरपूर गाळ लागतो, एवढंच त्यावरून कळतं. थोडीबहुत पानं असली तर पाण्यावर सावली राहते, पाणी कमी तापतं. तळंच्या तळं झाकून टाकलं तर विरळ करावं.

काठावरचं पाणकणीस तुम्ही ओळखता. उंच पाती, आणि उदबत्तीला कापूस गुंडाळावा तसं तपकिरी कणीस. मुलं ते फोडून म्हाताऱ्या उडवतात. हे गृहस्थ गटाराच्या तोंडाशीही आनंदाने वाढतात. पण ते निरुपयोगी नाहीत. येणारं घाण पाणी त्यांच्या मुळांतून झिरपत आलं तर बराच गाळ आणि खत तिथेच अडतं. सांडपाणी शुद्ध करायला मुद्दाम पाणकणसाचे आणि कर्दळीचे वाफे करतात, ते ह्याच गुणामुळे. म्हणून ओढा जिथून तळ्यात शिरतो तिथलं पाणकणीस उपटू नका. तळ्याच्या मध्याकडे सरकायला लागलं तर तेवढं कापा.

मग तरंगणारी मंडळी. टिकलीएवढ्या पानांचा हिरवा गालिचा, कोबीच्या गड्ड्यासारखी पाण्यावर तरंगणारी पिस्टिया, आणि सगळ्यांत माजोरी ती जलपर्णी. फुगीर देठांची, जांभळ्या फुलांची. मूळची दक्षिण अमेरिकेतली. आपल्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, आणि फुलं सुंदर म्हणून लोकांनी कौतुकाने हौदात लावली! हे कौतुक अजून चालू आहे. गच्चीवरच्या टबात लावायला म्हणून आणतात आणि कंटाळा आला की देतात तळ्यात टाकून. मैत्रिणींनो, एवढं मात्र करू नका. माशांच्या काचपेटीतली झाडंसुद्धा ओढ्या-तळ्यात सोडू नका. सोयीचं हवापाणी मिळालं तर जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते. गणित मांडून पाहा. आज हंड्याच्या तोंडाएवढी असली तर चार महिन्यांत कुठे जाईल!

ही तरंगणारी झाडं आपलं अन्न थेट पाण्यातून ओढतात. म्हणून त्यांचा दाट थर हा पुरावा समजावा, की वरून कुठून तरी मोरीचं, गटाराचं किंवा खताचं पाणी येतं आहे. थराखाली उजेड नाही, हवा नाही. जुनी पानं कुजतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात ते भुकेने नव्हे. रात्रभरात पाण्यातली हवा संपत आलेली असते. शिवाय मुळांच्या जाळ्यात डासांना आयतं घर. हत्तीपायाचा एक प्रकार पसरवणाऱ्या डासांच्या अळ्या तर ह्या झाडांच्या मुळांना चिकटूनच श्वास घेतात.

आणि शेवटी ते, ज्याला तुमचे 'हे' विष म्हणतात. ते झाडच नाही. पान नाही, मूळ नाही. कोणी हिरवा रंग कालवून ओतावा तसं पाणी दिसतं. वाऱ्याने एका काठाला लोटलं की तिथे सायीसारखी जाड पुटं धरतात, सुकली की निळसर-पांढरट डाग पडतात, आणि वास मातकट किंवा सडका. शास्त्रज्ञ ह्याला नील-हरित शेवाळ म्हणतात. खरं तर ते जिवाणूंच्याच जातीचं. त्यातल्या काही जाती यकृताला बाधणारं विष तयार करतात. अंगाला लागलं तर खाज, पुरळ. पोटात गेलं तर उलट्या, जुलाब. पिऊन गुरं-कुत्री दगावल्याची उदाहरणं जगभर आहेत. प्रत्येक वेळी विष असतंच असं नाही, पण ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून आहे असंच धरून चालायचं. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर असा हिरवा तवंग येऊन दुर्गंधी सुटली होती ती बातमी तुम्ही वाचली असेल.

आता मुद्द्याचं. हे विष उकळून जात नाही! आपली समजूत अशी की खळखळा उकळलं म्हणजे सगळं संपलं. जंतू मरतात, हे विष राहतं. पाणी आटलं तर उलट दाट होतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो गावात तळ्यावर हे शेवाळ माजलं, तेव्हा तिथल्या लाखो लोकांना सरकारने बजावलं होतं की नळाचं पाणी पिऊ नका, आणि उकळूनही पिऊ नका. तिथे यंत्रं, प्रयोगशाळा सगळं असून ही वेळ आली. आपल्याकडे तर पाहणारं कोणी असेल तर आपणच.

ओळखायचं कसं? दोन परीक्षा सांगते, दोन्ही घरच्या घरी होतात. हाताला पॉलिथिनची पिशवी बांधून घ्या. एक लांब काडी तळ्यातल्या हिरव्यात फिरवून वर उचला. केसांसारखे, सुतासारखे पुंजके काडीला लोंबले तर ते साधं तंतुशेवाळ; बुळबुळीत आहे, पण विषारी नाही. काडीला नुसता रंग लागला आणि हिरवं पाण्यात पांगलं, तर सावध. दुसरी परीक्षा बरणीची. काचेची रिकामी बरणी काठाजवळच्या पाण्याने पाऊणभर भरा, झाकण सैल लावा आणि रात्रभर सावलीत न हलवता ठेवा. सकाळी हिरवं खाली बसलेलं दिसलं तर ते साधं शेवाळ. वर तरंगून गळ्याशी कडं धरलं तर ते नील-हरित. त्याच्या पोटात हवेच्या बारीक पिशव्या असतात, म्हणून ते वर येतं. बरणी नंतर लोणच्याला वापरू नका, हे सांगायला नकोच. ह्या परीक्षा अंदाजाच्या आहेत. पक्कं निदान प्रयोगशाळेतच. पण धाकट्याला त्या पाण्याने अंघोळ घालायची की नाही, एवढं ठरवायला अंदाज पुरतो.

बरणीत कडं धरलं असेल तर बाई, त्या तळ्याचं पाणी स्वयंपाकाला, चुळा भरायला, मुलांच्या अंघोळीला बंद. भाजी त्यात धुवायची नाही. गुरांना दुसरीकडे पाजायचं. दुसरीकडे नाहीच, तर निदान ज्या काठाला पुटं साचलीत तिथे नाही. थर ओसरल्यावरही दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

आणि मोरचूद? मोरचुदाने शेवाळ मरतं हे खरं. पण मरताना त्याच्या पेशी फुटतात आणि आत होतं-नव्हतं ते सगळं विष एकदम पाण्यात उतरतं. शिवाय मेलेला सगळा लगदा कुजायला लागतो, हवा संपते, मासे मरतात. तळाची ती चांगली झाडंही मरतात. म्हणजे आजार राहतो बाजूला आणि राखणदार जातात! तुमच्या यजमानांना म्हणावं, तुमची शंका बरोबर होती, औषध चुकीचं.

आता आडाच्या पाण्याचं. तळ्याशेजारी आड म्हणजे तळ्याचंच पाणी झिरपून येतं. मातीतून आलं तर थोडं गाळून येतं, पण आपल्याकडच्या काळ्या पाषाणाला भेगा असतात आणि भेगेतून आलेलं पाणी कोणी गाळत नाही. म्हणून धुणं, गोठा, संडासाचा खड्डा हे आडापासून निदान पन्नास फूट लांब, आणि शक्यतो उताराच्या बाजूला. तळ्यात तो विषारी थर असेल तेवढे दिवस प्यायला नळाचं किंवा टँकरचं साठवलेलं पाणीच राखून ठेवा, आणि आडाचं वरकामाला. तान्हं मूल असेल तर आणखी एक गोष्ट. शेतातला युरिया आणि गोठ्यातलं मूत झिरपून विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढतं. त्याला रंग नाही, वास नाही आणि हेही उकळून जात नाही. लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, असं आपलं सरकारी मानक आहे. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात वरचं दूध कालवून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळी पडतात. अंगावरचं दूध पाजत असाल तर ही काळजी नाही.

तपासणी कुठे करायची, असं विचाराल. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायची पेटी हाताळायला शिकवायचं ठरलं आहे. पाच पुरुष नाही, पाच बायका! तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, पेटी कुठे आहे आणि त्या पाचजणी कोण. पेटी कपाटात कुलपात असेल तर ती बाहेर काढायला लावा. त्यात नायट्रेट कळतं, क्षार कळतात, आणि एक छोटी कुपी असते. तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि ते एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर पाण्यात मैल्याचा अंश आहे असं समजायचं. ही कुपीची युक्ती ग्वाल्हेरच्या आपल्याच शास्त्रज्ञांनी 1982 साली काढली आणि पुढे ती परदेशांतही गेली.

घरात येणारं पाणी गाळण्याबद्दल दोन शब्द. आपल्या आज्या हंड्याच्या तोंडाला लुगड्याचा पदर बांधून गाळत. नवशिक्षित सुना त्याला हसत. पण बांगलादेशात मतलब भागातल्या खेड्यांतून ह्याची मोठी पाहणी झाली. जुन्या साडीची आठ पदरी घडी करून तळ्यातलं पाणी गाळणाऱ्या घरांत पटकी जवळजवळ निम्म्याने कमी झाली. 2003 मध्ये हे छापून आलं. कारण असं की पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात, आणि किडे साडीत अडकतात. साडी जुनीच हवी, सुती. धुऊन-धुऊन सुताला लव सुटते आणि छिद्रं बारीक होतात. नवी साडी ह्या कामाला उपयोगाची नाही (ऐकताय ना सासूबाई, जुनं ते सोनं!). आपल्याकडे नारूचा रोग होता, तो गेला तोही पुष्कळसा गाळण्यामुळे. नारू झालेलं माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभं राहायचं, तिथून पाण्यातल्या किड्यांत, तिथून दुसऱ्याच्या पोटात. 1996 च्या जुलैत देशातला शेवटचा रोगी राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. गाळून झाल्यावर कापड खळखळून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ओलं तसंच दोरीवर कोपऱ्यात नको.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीचा खडा दोन-चार वेढे फिरवा, किंवा शेवग्याच्या वाळलेल्या शेंगेतल्या बिया सोलून, कुटून, लिटरला एक ह्या मापाने कालवा, आणि तासभर न हलवता ठेवून वरचं निवळ ओतून घ्या. शेवग्याचं पाणी त्याच दिवशी संपवावं, शिळं ठेवलं की वास येतो. मग गाळा. मग खळखळा उकळी येऊ द्या. उकळी आल्यावर एक-दोन मिनिटं पुरे, गॅस उगीच जाळू नका. किंवा क्लोरीनची गोळी, पाकिटावरच्या मापाने, आणि नंतर अर्धा तास थांबायचं. हे सगळं जंतूंसाठी. वरच्या त्या हिरव्या विषाला ह्यातलं काहीच लागू नाही, हे पुन्हा सांगते, कारण उकळलं होतं की, असं म्हणत डॉक्टरकडे यायची वेळ कोणावर येऊ नये.

तळ्यात काय जातं, ते आपल्या हातात किती आहे? बरंच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना कालव्याकाठी कोपीत राहून मिळेल तिथे धुवावं लागतं, त्यांना उपदेश करण्यात अर्थ नाही. पण गावातल्या, घरात मोरी असलेल्या आपण? धुण्याच्या काही पावडरींत फॉस्फेट असतं, ते शेवाळाला अगदी दुधावरच्या सायीसारखं मानवतं. सगळं घर रिठ्यावर धुवा असं मी म्हणणार नाही. रोज शाळेचे तीन-तीन गणवेश ज्यांना धुवायचे असतात त्यांना ते जमणारं नाही. पण पाणी तळ्यातून बादलीने काढून वीस पावलं मागे दगडावर धुतलं, आणि ते फेसाचं पाणी अळूच्या, केळीच्या, कर्दळीच्या आळ्यात सोडलं, तर काय बिघडलं? कर्दळ फुलेल, अळूच्या वड्या होतील, तळ्याला फेस जाणार नाही. आळ्यातला अळू मात्र शिजवूनच खायचा. पोळ्याला बैल धुताना घरधन्याला तेवढंच सांगा.

निर्माल्याचं तर काय सांगावं! कुंडाला देवत्व आपण दिलं, आणि हारांची पिशवी गाठ मारून तशीच्या तशी त्यातच टाकतो. महालक्ष्म्यांची फुलं, गणपतीच्या दूर्वा ह्या परसात खड्डा करून त्यात घाला. तीन महिन्यांत तुळशीला सुरेख खत होतं. मूर्ती शाडूची असेल तर बादलीत विसर्जन करता येतं, तेच पाणी झाडांना. परळीला हरिहर तीर्थाच्या काठी उभं राहून हात जोडताना हातात प्लॅस्टिकची पिशवी असू नये, इतकं मागणं फार नाही. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली. तिच्यात पाणी यायला भुयारं, जायला भुयार, असं बांधलं आहे, म्हणजे पाणी एका जागी पडून राहत नाही. आपल्या तळ्यांना अशी सोय नाही. जे आत टाकू ते आतच राहतं.

एकीने मधे विचारलं होतं की तळ्यातली भाजी खावी का. नाळीची भाजी, कमळकाकडी, उपासाचे शिंगाडे, हे सगळे तळ्याचेच. चवीला उत्तम. पण पाण्यातली झाडं पाण्यात असेल ते ओढून घेतात, चांगलं तसं वाईटही. गटार जिथे मिळतं तिथली नाळी फुकट मिळाली तरी घेऊ नका. ओले शिंगाडे दातांनी सोलायची मुलांना सवय असते, ती मोडा. धुऊन, उकडून मगच द्या.

राहता राहिली जलपर्णी काढणं. तुमच्या तळ्यावर ती असेल तर फुलं यायच्या आधी काढायची, कारण बी एकदा गाळात पडलं की पंधरा-वीस वर्षंसुद्धा टिकतं आणि पाणी ओसरून पुन्हा भरलं की उगवतं. औषध मारू नये. हाताने किंवा दाताळ्याने ओढावी, पुरुष मंडळींना कामाला लावावं. मार्च हा बरा महिना, पाणी कमी असतं आणि काठ चिखलात पाय न रुतता गाठता येतो. ओढलेली जलपर्णी काठावर ढीग करून ठेवायची नाही. तिचं पाणी निथळून खत पुन्हा तळ्यातच जातं आणि पहिल्या पावसात मुळं पुन्हा फुटतात. काठापासून दूर नेऊन दोन दिवस उन्हात सुकवावी, कारण तिच्यात शंभरात नव्वदाहून अधिक भाग नुसतं पाणी असतं. मग कोयत्याने तुकडे करून खड्ड्यात एक थर जलपर्णी, एक थर शेण-माती असं भरावं, वर पाचट झाकावं, पंधरवड्याने एकदा खालवर करावं. दोन-अडीच महिन्यांत काळं भुसभुशीत खत होतं. तळ्यात गावाचं गटार किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तर हे खत भाजीला घालू नये, बांधावरच्या झाडांना घालावं. गुरांपुढेही ती जलपर्णी टाकू नये. आणि ओढताना तळाची ती फितीसारखी झाडं हाताला लागली, तर ती तेवढी पाण्यात परत सोडा.